स्वच्छ माल

“मावशी, पेटी आज सुटेल. तुम्ही घरी जा, आमच्या ऑफिसातला दिपक टेम्पोने आणून देईल,” संगिता म्हणाली.

कमळी बाकावरून हलली नाही. “घरी जाऊन काय करू, बाय? हितंच बसते.”

तलासरीला हायवेवर, टायरच्या दुकानावरच्या खोलीत मनिषशेठचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस होतं. परदेशी जाणारा-येणारा माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हे काम. संगिता इथे केव्हापासून आहे, असं कुणी विचारलं तर शेठ म्हणत, “पंख्याच्या आधीपासून.” ती चिखल्याहून येई. तिचं लग्न राहून गेलं होतं. माल मात्र कधी अडला नव्हता.

त्याचं कारण साधं होतं. चिकूच्या क्रेटला मातीचा कण दिसला की तपासणीवाले सगळा माल उतरवून ठेवतात, हे ती फार पूर्वी शिकली होती. बागवाल्यांना फोनवर दटावायची, “पुसून पाठवा हो. तुमच्या बागेची माती तिकडे कुणाला नकोय.”

कमळीचा मुलगा लाहू आखातात, जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत वेल्डर होता. महिन्यापूर्वी उंचावरून पडून गेला. आला तो बंद पेटीत, उघडायची नाही या ताकिदीसकट. कमळीने पेटीवरून हात फिरवला, तेवढंच. आता मागून त्याचं सामान येत होतं. मेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तूंवर ड्युटी लागत नाही, वकिलातीचा दाखला लागतो. तो संगितानेच मागे लागून मिळवला होता.

“शर्ट येल ना त्याचा?”

“सगळं येईल. शर्ट, बूट, भांडी.”

“भांडी नको मना. शर्ट पायजे.”

दुपारी दिपकने पेटी वर आणली. “ताई, कस्टमच्या साहेबांनी नुसतं झाकण उघडून बघितलं. म्हणाले, इतका स्वच्छ माल कोण पाठवतं?”

संगिता खुशीत हसली.

कमळीने वरचा निळा शर्ट उचलून नाकाशी धरला. मग दुसरा. मग चादर, टॉवेल, उशीचा अभ्रा. प्रत्येक वस्तू ती नाकापर्यंत नेई आणि खाली ठेवी.

“साबन,” ती म्हणाली.

“काय झालं, मावशी?”

“साबनाचा वास येतो. पोराचा नाय येत.”

संगिताने पेटीत पाहिलं. बुटांच्या नाड्यासुद्धा धुतलेल्या होत्या. कंपनीला मेल तिनेच केला होता: सगळे कपडे धुऊन, बूट घासून मग पॅक करा. त्यांनी तिचा शब्दन् शब्द पाळला होता.

“मीच सांगितलं धुवायला,” ती म्हणाली. “माती असली की अडवतात ना.”

“शर्टाला माती कसली, ताई,” दिपक हळूच बोलला.

कमळीने एकेक घडी पुन्हा नीट घातली. “तू चांगल्यासाठीच केलास, बाय,” ती म्हणाली. संगिताला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

भात झोडणीच्या दिवसांत संगिता पोचपावतीवर सही घ्यायला कमळीच्या पाड्यावर गेली. खरं तर दिपकला पाठवता आलं असतं. लाहूचा बाप झिपरू खळ्यावर भात झोडत होता. अंगात तोच निळा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला.

तो पाणी प्यायला आला, तशी कमळी म्हणाली, “काढ तो.” आणि धुतलेला दुसरा पुढे केला.

“रोज नवा शर्ट,” झिपरू संगिताला म्हणाला. “नवरदेव केलाय हिने माजा.”

ओला शर्ट घेऊन कमळी घरात गेली. संगिता मागोमाग दारापर्यंत गेली. कुडाच्या भिंतीला दोरी बांधलेली होती. तिच्यावर लाहूचे शर्ट एकाशेजारी एक, घामाचे पांढरे डाग पडलेले. कमळीने निळा शर्ट त्यांच्याशेजारी टाकला आणि त्यात तोंड लपवलं.

संगिताने चौकटीला हात टेकला. मग विचारलं, “येतो का, मावशी?”

“बापाचा येतो.” कमळीने शर्टाची बाही सरळ केली. “जवळचाच हाय.”

बाहेर झिपरूने धुतलेल्या शर्टाची गळ्याशी असलेली गुंडीही लावली आणि तो पुन्हा खळ्याकडे निघाला.