बाकी एक

लिरीने फळ्यावर शेवटची ओळ लिहिली, तिच्याखाली आडवी रेघ मारली आणि खडू पॅस्कोबाईंच्या हातात दिला. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत दोघींचा हा शिरस्ता होता. एकीने सिद्धता लिहायची, दुसरीने तीत भोक शोधायचे.

बाईंनी फळा वरपासून वाचायला घेतला. समजा, चारने भागल्यावर बाकी तीन उरते अशा मूळ संख्या मोजक्याच आहेत. तिथून निघून मुलीने त्या विधानाला असे कोंडीत पकडले होते की त्याला पळायला जागा उरली नव्हती. अशा संख्या मोजक्या असूच शकत नव्हत्या.

"भोक नाही," बाई म्हणाल्या.

"मग बाकी एक उरणाऱ्या, मिस? त्याही न संपणाऱ्याच ना?"

"हो, त्याही."

"कशावरून पण? हीच युक्ती तिथे लावली की शेवटी गाडी अडते. दोन तीनवाल्या एकमेकींना गुणल्या की एकवाली तयार होते. मेल्या वेष बदलून आत शिरतात."

बाई हसल्या. त्यांनी फळ्याचा कोपरा पुसला आणि लिहिले, समजा. सगळ्या एकवाल्या संख्यांचा गुणाकार, त्याची दुप्पट, तिचा वर्ग, वर एक. एवढे हाताला आठवत होते. आता या संख्येला भागणारी मूळ संख्या तीनवाली असूच शकत नाही, हे दाखवायचे. ते का, हे एके काळी त्यांना झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. खडू फळ्याला टेकलेला राहिला. घंटा झाली.

"असू दे, मिस," लिरी घाईने म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी बघू."

त्या घाईने बाईंना जरा लागले.

पुढच्या शुक्रवारच्या आत लिरीला निर्णय घ्यायचा होता. बारावीत असतानाच विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे गणित शिकायचे, तर मेलबर्नपासून दोन-अडीच तासांवरच्या शेपर्टनच्या मुलांपुढे यंदा प्रथमच दोन वाटा होत्या. मेलबर्नच्या एका विद्यापीठाने हा वर्ग इथेच, शाळेत चालवायला परवानगी दिली होती. शिकवणार पॅस्कोबाई. त्यासाठी त्या तीन वर्षे विद्यापीठाच्या मागे लागल्या होत्या. अट एकच होती, किमान पाच विद्यार्थी. चौघांनी नावे दिली होती. दुसऱ्या विद्यापीठाचा वर्ग तिकडेच, मेलबर्नला, विद्यापीठाच्या आवारात भरायचा. दर बुधवारी संध्याकाळी, सगळीकडून वेचून घेतलेली वीसेक मुले, आणि समोर हेच करण्यात आयुष्य घालवणारी माणसे. तिथे लिरीची निवड झाली होती.

"रेजेपीची लिरी आली की तुझे पाच झाले, ग्लेन," मुख्याध्यापक हॅनलन स्टाफरूममध्ये चहात बिस्कीट बुडवत पॅस्कोबाईंना म्हणाले. "ती काय कुठे जाते? तुझ्या मागे मागे तर असते."

"बघू."

"बघू काय? मी तुला निळी खोलीसुद्धा देऊन टाकली. पंखा चालणारी."

बाई बाँडवर इथे आल्या होत्या. सरकारने कॉलेजचा खर्च करायचा आणि मग तीन वर्षे धाडील तिथे शिकवायचे, असा त्या वेळचा करार. तीन वर्षे संपली की परत जाऊन उरलेले गणित शिकायचे, असे त्यांनी ठरवले होते. खोलीसुद्धा भाड्याची घेतली होती, सामान पुरते सोडलेही नव्हते. मग एक वर्ष बदली शिक्षक मिळाला नाही, मग लग्न झाले, मग ते मोडले, आणि दरम्यान इथल्या दोन पिढ्यांना त्यांनी वर्गसमीकरणे शिकवली. उन्हाळ्यात फळे डबाबंद करणाऱ्या कॅनरीतून शिजणाऱ्या पेअरचा वास गावभर पसरायचा, तो त्यांना येईनासाही झाला होता. निळ्या खोलीत मात्र त्या शनिवारी मुद्दाम जाऊन आल्या. फळा ओल्या फडक्याने पुसून आल्या.

रविवारी दुपारी लेट्यूसची पाने धुताना त्यांना ते सापडले. दोन्ही बाजूंचा घात घ्यायचा. पहिल्या वर्षाला शिकलेले एक छोटेसे प्रमेय सांगते की उत्तर एक यायला हवे. आणि इथे मात्र येते उणे एक. बस्स, कोंडी. त्यांनी नळ बंद केला. ओल्या बोटाने ओट्यावर सगळे मांडून पाहिले आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या, "अगं, एवढंच तर होतं!" लिरीला सांगायला त्यांना शुक्रवारपर्यंत धीर निघणार नव्हता.

सोमवारी शाळा सुटताना लिरीचे वडील जर्दाळूंची पेटी घेऊन आले. फादिल रेजेपींची बाग गावाबाहेर कालव्याच्या कडेला होती. त्यांच्या आजोबांनी अल्बेनियातून येऊन लावलेल्या झाडांपैकी काही अजून उभी होती.

"पहिला तोडा आहे, मिस. घ्या. नाही म्हणायचं नाही." त्यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसले. "एक विचारायचं होतं. गणित तेच, विद्यापीठ हे काय नि ते काय. तुम्ही इथे शिकवणार आहात. मग दर आठवड्याला पोरीने मेलबर्नला कशाला जायचं? आणि नेणार कोण? मार्चमध्ये पेअरचा तोडा असतो, मला श्वास घ्यायला फुरसत नसते."

"ती काय म्हणते?"

"ती कुठे काय म्हणते? विचारलं तर म्हणते, मिसचा वर्ग माझ्यावाचून अडलाय. मी म्हटलं, मग झालं तर."

बाईंनी एक जर्दाळू उचलला, हातात फिरवला, परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी लिरी स्वतःच आली. दोन्ही अर्ज तिच्या हातात होते.

"मी इथलंच घेते, मिस."

बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. रविवारपासून जपून ठेवलेले उत्तर सांगायला त्यांनी खडू घेतलाच होता.

"छान," त्या म्हणाल्या. मग खडू हातातच ठेवून म्हणाल्या, "समजा, मी इथे नाही."

"म्हणजे?"

"समजा म्हटलं की समजायचं, प्रश्न नाही विचारायचे. मी या गावात आलेच नाही. मग कुठलं घेशील?"

लिरी खाली बघून अर्जांचे कोपरे जुळवत राहिली.

"मग तिकडचं."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल."

"मी इथे नाहीच आहे. मला कसं वाईट वाटेल?"

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "इथे मी काहीही विचारलं की सगळे म्हणतात, वा! उत्तर कुणी देत नाही. तुम्ही देता, पण तुमच्यापुढे कोण आहे, मिस? त्या एकवाल्या संख्यांचं... तिथे कुणाला तरी माहीत असेल. मी विचारलं तर शेजारचा म्हणेल, हात्तिच्या, एवढंच? मला तेच हवंय. कुणीतरी हात्तिच्या म्हणायला हवंय."

उत्तर बाईंच्या ओठांवर होते. चार ओळी. त्या लिहिल्या असत्या तर मुलीने टाळी वाजवून उडी मारली असती, आणि इथलाच अर्ज टेबलावर ठेवून ती गेली असती.

बाईंनी खडू खोबणीत ठेवला.

"मला ते नाही आठवत," त्या म्हणाल्या. "तिकडे जाऊन विचार."

पाच नावे भरली नाहीत, तेव्हा हॅनलननी निळी खोली चित्रकलेला दिली. उरलेल्या चौघांना बाईंनी एकेक करून सांगितले. त्यातल्या दोघांचे चेहरे तर उजळलेच. फादिलना त्यांनी फोन केला.

"बुधवारी दुपारी शाळेत खेळ असतात, मला तास नसतात. मी दर बुधवारी मेलबर्नला जाते. येईल माझ्याबरोबर."

"दर बुधवारी? तिकडे काय काम असतं तुम्हाला?"

"असतं एक."

"मग पेट्रोल माझं," फादिल म्हणाले.

मार्चमधल्या दुसऱ्या बुधवारी वर्ग सुटला तेव्हा बाई आवारातल्या एल्मच्या झाडाखाली बाकावर बसल्या होत्या. मुले घोळक्याने बाहेर आली, दोघे अजून हवेत बोटांनी काहीतरी लिहीत भांडत होते. त्यांच्या मधोमध लिरी होती. ती भांडत होती. बाईंनी तिला हाक मारली नाही. एका मुलाने बाकाकडे बोट करून काही विचारले, तेव्हा लिरी म्हणाली ते त्यांना ऐकू आले.

"आई नाही रे. माझ्या मिस आहेत."

परतीच्या वाटेवर सीमोरला त्या चिप्स घ्यायला थांबल्या. उन्हे उतरली होती. लिरीने चिप्सच्या कागदाचा तेल न लागलेला कोपरा फाडला, गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल काढली.

"एकवाल्या, मिस! मिळालं. आणि खरंच एक जण हात्तिच्या म्हणाला. बघा हं. समजा..."

ती लिहीत गेली, बाई तोंडात चिप धरून ऐकत राहिल्या. योग्य जागी "अच्छा" म्हणाल्या, योग्य जागी भुवया उंचावल्या. लिरी भराभर बोलत होती, आणि घाईत एका ओळीवर अडखळली.

"मग दोन्हीकडे घात घ्यायचा, आणि उणे एक... थांबा, इथे अधिक का नाही होत?"

"घात विषम आहे ना," बाई म्हणाल्या. "म्हणून उणे तसाच राहतो. पण प्रमेय म्हणतं, एक यायला हवं. तिथेच तीनवाली सापडली."

म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले.

हायवेवरून फळांचा एक ट्रक गेला. लिरीची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली होती.

"मिस, हे तुम्हाला कधीपासून येतं?"

पॅस्कोबाईंनी वाऱ्याने उलटू पाहणारा कागद दोन बोटांनी दाबून धरला.

"समजा," त्या म्हणाल्या, "आजपासून."

लिरीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. मग तिने उरलेली ओळ पुरी केली, तिच्याखाली आडवी रेघ मारली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.