सांबाराचं कुटार

या राखीला मोहगावला भावाकडे जायचंच, असं यमुनेनं पक्कं ठरवलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली आणि चारही श्रावण तिनं लोधीखेड्याच्या शिवारात निंदणात घालवले. संत्र्याच्या नव्या कलमांभोवतीचं गवत भारी चिवट. या टोकापर्यंत निंदत यावं, तोवर त्या टोकाला ते पुन्हा हजर. आणि निंदण सरल्याशिवाय माहेर नाही, हा सासूचा, कलाबाईचा, कायदा.

पण शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या पळसाखाली पानांचा थर साचतो तिथं गवत उगवत नाही, हे यमुनेनं हेरून ठेवलं होतं. आषाढात तिनं टोपल्या भरभरून पळसा-सागाची वाळकी पानं आणली आणि प्रत्येक आळ्यात वीतभर जाड अंथरली. ती वाऱ्यानं उडू लागली. मग धने झोडून उरलेलं सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, वाळकं कुटार तिनं वरून पसरलं. बैल तरी त्याला कुठं तोंड लावत होते! झाडांना गोधडी पांघरवतेस का, म्हणून नवरा देवीदास हसला. कलाबाई हसली नाही. राखीपर्यंत आळ्यात गवताची काडी दिसली नाही तर खुशाल जा, एवढंच बोलली.

गवत खरंच दडपलं. यमुना कामं करता करता गुणगुणू लागली. राखीला आठ दिवस उरले आणि एका सकाळी बघते तर सगळी आळी हिरवीगार! धने घाईघाईत झोडले होते तिनंच, आणि निम्मे कुटारातच राहिले होते. आता सासूला आयतंच निमित्त मिळणार, या विचारानं तिला रडू यायला लागलं.

कलाबाई आली. एका आळ्यापाशी बसली, चार काड्या खुडल्या, वास घेतला. पानं बाजूला सारून खालची माती पाहिली. माती काळी, ओली, स्वच्छ होती.

"यमुने, मी गवत म्हणली होती," ती म्हणाली. "सांबाराचं तं बोललीच नव्हती."

राखीच्या दिवशी यमुना तयार होऊन बाहेर आली, तर कलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात उभी. हातात पिशवी, पिशवीत सांबाराची जुडी.

"माहा भाऊ सौंसरले रायते," ती हळूच म्हणाली. "बावीस वर्सं झाले त्याले राखी बांधून. निंदणच सरत नव्हतं न."

यमुनेचे डोळे भरून आले. तिनं सासूच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी मोटार गाठायला निघाल्या. भाकरी थापायला देवीदास घरी होता.