वांग्यात टोचलेला स्पोक

मोहिनीच्या नोंदवहीत एकोणीस प्रयोग होते. त्यांतले तेरा बिघडले होते आणि सहा जमले होते. तेरा का बिघडले हे तिला कळत नव्हतं. सहा का जमले हेही कळत नव्हतं, आणि समितीसमोर ते सांगणं जास्त अवघड होतं.

समिती सोमवारी अकरा वाजता बसणार होती. जळगावच्या त्या महाविद्यालयात पीएच.डी. करणाऱ्यांची दर सहा महिन्यांनी अशी हजेरी घेतात. मोहिनीच्या मागच्या दोन्ही अहवालांवर ‘असमाधानकारक’ असा शेरा होता. तिसरा तसाच आला की नोंदणी रद्द आणि घरी, शिरपूरला जाणारी गाडी.

तिचा विषय होता भरताचं वांगं. या वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल नावाचं एक द्रव्य असतं. शरीरात मोकाट फिरून नासधूस करणारे कण ते पकडतं. या कामाला अँटिऑक्सिडंट क्रिया म्हणतात. पण हेच द्रव्य धातूलाही धरून बसतं. मग जस्त, तांबं किंवा लोखंड धरल्यावर त्याची कण पकडण्याची ताकद वाढते की घटते, एवढंच मोहिनीला शोधायचं होतं. परीक्षा सोपी होती. जांभळ्या द्रावणात भाजलेल्या वांग्याचा अर्क घालायचा. जांभळा रंग जितका उडेल तितका अर्क जोरकस.

अडचण धातू घातलेल्या अर्कांची नव्हतीच. अडचण साध्या अर्काची होती. ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची, तो साधा अर्क कधी ऐंशी टक्के रंग उडवायचा, तर कधी जेमतेम पंचेचाळीस. मोहिनीनं अल्कोहोल बदललं, परीक्षानळ्या तीनदा धुतल्या, यंत्रातला दिवा बदलून घेतला. तिच्या मार्गदर्शक सुनंदामॅडमनी एकदा तिला हात पुढे करायला लावून ते थरथरतात का, हेही पाहून घेतलं.

शेवटी गुरुवारी तिनं नोंदवहीशेजारी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवलं आणि एकेक तारीख ताडून पाहिली. जमलेले सहाही प्रयोग झुलालभाऊंच्या रजेच्या दिवशीचे निघाले. दोन दिवस बोदवडला भाचीचं लग्न, एक दिवस दाढ काढली, तीन दिवस गावची यात्रा. त्या सहा दिवशी वांगी मोहिनीनं स्वतः भाजली होती.

झुलालभाऊ हे प्रयोगशाळेचे परिचर. वांगी तेच गावाकडून आणायचे आणि प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत भाजायचेही तेच. थंडीत शेताशेतांवर भरीत पार्ट्या सुरू झाल्या की पन्नास-पन्नास किलो वांगी भाजायला त्यांना मोटारसायकल पाठवून बोलावलं जाई. अशा माणसाच्या हाती दर प्रयोगाला आठ निवडक वांगी द्यायची आणि तीच परत येतील असं समजायचं, हा आपला भोळेपणा होता, असं मोहिनीला वाटू लागलं. चांगली वांगी घरी जात असणार आणि भट्टीत बाजारातली येत असणार.

शुक्रवारी तिनं विषय आडवळणानं काढला. भाऊ, वांगी तीच असतात ना, एवढंच विचारलं. पण झुलालभाऊंना पुढचं सगळं समजलं. त्यांनी हातातला चंचुपात्र पुसायचा फडका घडी करून ठेवला. उद्या आठ वांग्यांवर पेननं सही करा, भट्टीसमोर खुर्ची टाकून बसा, वाटल्यास कुलूपही लावा, असं म्हणून ते निघून गेले. त्या दिवशी मोहिनीला चहा आला नाही.

शनिवारी तिनं खरोखर आठ वांग्यांवर सह्या केल्या. तिला लाज वाटत होती, पण सोमवारची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

झुलालभाऊंनी वांगी धुतली, पुसली. मग कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी काढली. आत सायकलचे आठ जुने स्पोक होते, गंजलेले. एकेका वांग्याला पाच ठिकाणी टोचून शेवटच्या भोकात त्यांनी स्पोक देठापर्यंत खुपसला आणि तसाच ठेवून वांगी भट्टीत सरकवली.

मोहिनी खुर्चीवरून उठली.

“भाऊ, हे काय आहे?”

“स्पोक शे.”

“तो आत कशाला?”

“नही टोचं तर वांगं फुटी जास, ताई. आन् तार आत राहिनी का मधलं बी बराबर शिजस.” एवढं बोलून ते थांबले. मग एकेक शब्द तोलून शहरी मराठीत म्हणाले, “मी यात्रेला गेलो होतो तेव्हा तुमची दोन फुटली होती. बुधवारी येऊन भट्टी मीच खरवडली. तुम्हाला बोललो नाही.”

भट्टी कोणी खरवडली हे मोहिनीला माहीत नव्हतं. सकाळी भट्टी स्वच्छ असते, एवढंच तिला माहीत होतं.

चाळीस मिनिटांनी तिनं पहिला स्पोक उपसला. भोकाभोवतीचा गर हिरवट काळा पडला होता. गरम, आंबूस गरात गंजलेलं लोखंड चाळीस मिनिटं बसलं होतं आणि वांग्यातल्या द्रव्यानं ते दोन्ही हातांनी धरलं होतं. हात तिथे गुंतल्यावर कण पकडणार कशानं?

मग तिनं एक वांगं स्पोकशिवाय भाजून घेतलं. दुपारपर्यंत आकडे आले. स्पोकचं वांगं सेहेचाळीस टक्के. बिनस्पोकचं एक्क्याऐंशी. आणि तिनं स्वतः मोजूनमापून लोखंड घातलेला अर्क चव्वेचाळीस. तेरा प्रयोग ती ज्याला साधा अर्क म्हणत होती, तो लोखंडी अर्क होता.

सुनंदामॅडमचं मत पडलं की सहा जमलेले दाखवावेत आणि तेरांचा उल्लेख टाळावा. झुलालभाऊंचं म्हणणंही निराळं नव्हतं. आपलं नाव कागदावर आलं तर साहेब लोक नोकरीवर गदा आणतील, अशी त्यांना धास्ती होती. मोहिनीनं रविवारभर दोन्ही तऱ्हांनी अहवाल लिहून पाहिला. सहाचा अहवाल दीड पानात संपत होता.

सोमवारी तिनं एकोणीसचा अहवाल ठेवला आणि शेजारी एक स्पोक.

धुळ्याहून आलेले प्राध्यापक रुपचंद बोरसे समितीचे बाहेरचे सदस्य होते. ते फार बोलत नसत, म्हणून सगळे त्यांना घाबरत. त्यांनी स्पोक उचलला, नखानं गंज खरवडला आणि विचारलं, “हा आत किती मिनिटं होता?”

चाळीस, मोहिनी म्हणाली. दर वेळी चाळीसच का, हे तिला सांगता येईना. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन झुलालभाऊ आत आले आणि बोरशांनी तोच प्रश्न त्यांना विचारला. झुलालभाऊंनी ट्रे टेबलावर ठेवला.

“चाळीस, साहेब. भोकं पाच. तार शेवटी काढतो.”

“कधी पस्तीस, कधी पन्नास?”

“भरीत आहे, साहेब,” झुलालभाऊ जरा दुखावून म्हणाले. “अंदाजानं नाही करत.”

बोरशांनी तेरा आकड्यांवरून पेन फिरवलं. चव्वेचाळीस ते सत्तेचाळीस. एकही त्याबाहेर नव्हता.

“हे बिघडलेले नाहीत,” ते म्हणाले. “यांच्यावरची चिठ्ठी चुकली आहे. लोखंड किती उतरलं ते मोजा आणि यांना धातूंचा चौथा गट म्हणा.” मग मोहिनीकडे पाहून म्हणाले, “इतके एकसारखे आकडे तुमच्या स्वतःच्या गटात नाहीत.”

शेरा पडला ‘समाधानकारक’. खाली दोन अटी होत्या. साध्या अर्काचे तेरा प्रयोग पुन्हा करावेत आणि त्यासाठीची वांगी न टोचता भाजावीत. वांगं फुटल्यास सफाई कोणी करायची, याबद्दल समितीनं काही लिहिलं नव्हतं. मोहिनीनं पेन मागून घेऊन स्वतःचं नाव लिहिलं.

मंगळवारी आठ वांगी भट्टीत गेली. झुलालभाऊ काचेसमोर स्टूल टाकून बसले. बाविसाव्या मिनिटाला तिसरं वांगं फुटलं आणि दाराच्या काचेवर आतून गर चिकटला.

झुलालभाऊंनी घड्याळात पाहून मोहिनीच्या नोंदवहीत वेळ लिहिली. मग कपाटातून खरवडणी आणि फडका काढून तिच्यापुढे ठेवला, आणि म्हणाले, “मंग हात धुई ल्या, ताई. मी चहा लई येस.”