मोगऱ्याच्या वासाचे बोंबील

हिमानीच्या घरात डायपर होते. पोर नव्हतं.

निमेशने आणले होते, एकावर दोन फुकट. "लागतीलच की कधीतरी," असं म्हणून त्याने ते कपाटावर रचले, आणि खिडकीतून ते शेजारच्या काशीबाईला दिसले. झालं. रात्रीच्या जेवणाआधी बातमी अख्ख्या दांडी गावात. दुसऱ्या दिवशी बंदरावर बायका हिमानीच्या पोटाकडे बघायला लागल्या.

"काय गं, कितवा?" काशीबाईने विचारलं.

"नववा," हिमानी म्हणाली. "पॅक."

निमेश म्हणजे तिचा नवरा. बोईसरच्या एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत पॅकिंगला. दारू नाही, जुगार नाही, माणूस सरळ. पण कंपनीच्या रस्त्याला ते महाबचत मार्ट उघडलं आणि त्याच्या अंगात आलं. महाबचतचा खेळ साधा होता. मोठी खरेदी केली की कूपन मिळायचं. कूपन वापरायचं तर परत तेवढीच मोठी खरेदी. त्या खरेदीवर परत कूपन. या गाडीला ब्रेकच नव्हता. कंपनीतली पोरं त्याला कूपनशेठ म्हणायची आणि त्याला ते आवडायचं, हे सगळ्यात वाईट.

"किती वाचवले बघ!" तो बिल नाचवत घरात शिरायचा.

"वाचवले ते कुठं हायत? दाव. हातावर ठेव माझ्या."

"अगं, ते खर्च झाले नाय ना, म्हणून वाचले."

"पण खर्च तर झाले."

"ते वेगळे."

आता याच्याशी काय बोलणार? पलंगाखाली भांड्याचे साबण. टीव्हीच्या मागे टूथपेस्ट. मोरीत फिनेल एवढं की आंघोळ करायची तर कोपरं आखडून. आणि सगळ्यात जास्त म्हणजे कपड्यांना घालायचं ते मोगऱ्याच्या वासाचं लिक्विड. पिशव्याच पिशव्या. घरभर मोगरा. भाताला मोगरा, उशीला मोगरा.

"मयताला आल्यासारखं वाटतं घरात," साखरबाई म्हणायची.

साखरबाई सासू. तिने जन्मभर सुकी मासळी विकली. पावसाळ्यात बोटी वर ओढतात, समुद्र बंद, मग खायचं काय? म्हणून लोक मे महिन्यातच बोंबील, जवळा, मांदेली भरून ठेवतात, नारळी पौर्णिमेपर्यंत पुरेल असं. त्याला आगोट म्हणतात. अणुकेंद्राच्या कॉलनीतली कितीतरी घरं आगोटीची मासळी साखरबाईकडूनच घ्यायची. सातारा, सोलापूर, कुठून कुठून आलेली माणसं, पण बोंबील साखरबाईचा.

यंदा तिचे गुडघे गेले. घरावर पत्र्याखाली मासळीचा माळा होता. त्याची किल्ली तिने कमरेची काढून हिमानीच्या हातावर ठेवली.

"गिऱ्हाईक माझं हाय, नाव माझं हाय. सांभाळलंस तर तुझं."

लग्न झाल्यापासून हिमानी सासूच्या मागून टोपली उचलत आली होती. भाव सासू बोलायची, पैसे सासू घ्यायची, ही फक्त डोकं. आता पहिल्यांदा तिचं स्वतःचं काहीतरी होणार होतं. तिने किल्ली गळ्यातल्या पोतीत अडकवली. झोपतानाही काढली नाही.

पण आंघोळीला काढायची. तेवढं निमेशला पुरलं.

झालं होतं काय, की हिमानीने एकदा दम भरला होता. "आता घरात एक पिशवी आणलीस तर तुला बाहेर झोपवीन." सासूसमोर ती त्याला तुमी म्हणायची, पण डोकं फिरलं की तू. तर निमेशने घरात आणलीच नाही. माळ्यावर नेली. बोंबलाच्या गाठोड्यांमागे मोगऱ्याच्या पिशव्यांचं पोतं सरकवून दिलं आणि वर जुनं जाळं टाकलं. वरती मे महिन्याचा पत्रा तापलेला. पिशव्या फुगल्या, फुटल्या आणि गळायला लागल्या.

हिमानीला कळलं कसं नाही? एक तर गाठोडी खाली द्यायला निमेशच चढायचा. आणि दुसरं, तिच्या नाकात महिनाभर मोगराच होता. नाकाने हार मानली होती.

तिने कॉलनीत माल पोचवला, उरलेल्याचा आगाऊ पैसाही घेतला. दुसऱ्या दिवशी वर्षाराणीचा फोन. ही साताऱ्याकडची, नवरा केंद्रात कामाला, आणि अख्ख्या बिल्डिंगची ऑर्डर गोळा करणारी हीच.

"हिमानी, अगं काय दिलंस हे? बोंबील तव्यावर टाकले आणि आमचे हे आतून ओरडले, आज चादरी धुतल्यास का म्हणून!"

हिमानीला वाटलं चेष्टा करतेय. तरी गेली. कॉलनीतल्या मोकळ्या वाऱ्यात डबा उघडला आणि तेव्हा कुठे तिच्या नाकात घुसलं. बोंबील आणि मोगरा. एकाच डब्यात. तिचे कान तापले.

वर्षाराणी वाईट बाई नव्हती. पण आवाज खाली करून जे बोलली ते वाईटच होतं. "साखरमावशी असत्या तर असं झालं नसतं, असं म्हणतायत सगळ्या. रविवारी चिंचणीची बाई येते. तिच्याकडून घेऊ म्हणतायत."

"रविवारी मी येते," हिमानी म्हणाली. "ती यायच्या आधी."

"आणि हे?"

"हे परत द्या. पैसे पन सगळ्यांचे परत. आत्ताच."

घरी येऊन ती तडक माळ्यावर चढली. जाळं ओढलं. पोतं दिसलं. तिने एक बोंबील उचलून खाली सासूच्या हातात दिला. साखरबाईने हुंगला, मांजरीपुढे टाकला. मांजरीने हुंगला, आणि ती पाठ फिरवून निघून गेली.

"बघ," साखरबाई म्हणाली. "हिला तरी कळतं."

माळ्यावरचा सगळा माल नासला होता. आता एकच वाट उरली होती. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागायच्या आधीची बोटवाल्या महादूची शेवटची खेप परवा पहाटेच्या भरतीला येणार होती. ती उचलली, तीन उन्हं दिली, तर रविवारी कॉलनीत बोंबील पोचत होते. हिमानी बंदरावर गेली.

"देतो की," महादू म्हणाला. "पन रोख, हिमानी. बंदीत मला पन खायचंय. उधारीचं बोलू नको."

रोख होती कुठे? होती ती कॉलनीत वाटून आली होती.

संध्याकाळी निमेश आला. त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खरोखरच पडला, खोटं कशाला बोला. तो भिंतीला टेकून बसला. मग मोबाईल काढला.

"हिमानी, ऐक. हे नुकसान भरून काढता येईल. उद्या कूपनचा शेवटचा दिवस हाय. पगारातले उरलेत ते टाकले, तर त्यात जेवढे वाचतील ना..."

 रडावं की हसावं की पाट्याचा वरवंटा उचलावा?

"कूपन वाया जाईल गं," तो म्हणाला.

"जाऊ दे! जाऊ दे वाया! घर वाया गेलं, माळा वाया गेला, आईचं नाव वाया गेलं, तवा तुला काय वाटलं नाय. कागद वाया जातो म्हनून जीव तुटतो?"

"ओरडू नको. काशीबाई ऐकते."

"ऐकू दे! काशीमावशी, ऐकता ना?"

"ऐकते गं," भिंतीपलीकडून आवाज आला. "बोल तू."

सकाळी निमेश ड्युटीला गेला. हिमानीने कपाट रिकामं केलं, पलंग ओढला, मोरी खाली केली. माळ्यावरच्या न फुटलेल्या पिशव्या पुसून घेतल्या. महादूचा टेम्पो बर्फ आणायला बोईसरला निघाला होता. त्यात सगळं चढवलं.

"कुठं सोडू?" महादूने विचारलं.

"महाबचतच्या दारात."

फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला तिने मासळीसाठी अंथरतात तशी ताडपत्री अंथरली आणि माल मांडला. साबण इकडे, पावडर तिकडे, मध्ये डायपरचा डोंगर. निमेशला एक नग जेवढ्याला पडला होता, तेवढाच भाव.

वॉचमन धावत आला. "ओ ताई, इथं नाय बसायचं."

"रस्ता कोनाचा?"

"रस्ता... सरकारचा."

"मग सरकारला बोलव."

त्याने मॅनेजरला बोलावलं. गळ्यात पट्टा, हातात वॉकीटॉकी. "मॅडम, हा तर आमच्याकडचा माल आहे."

"तुमचाच हाय. बिलं पन हायत. परत घेता?"

"ऑफरचा माल परत घेत नाही आपण."

"मग झालं तर. मी इकते."

मॅनेजरने कपाळाचा घाम पुसला. मग उन्हाने आत गेला.

पहिला तासभर कोणी आलं नाही. आत जाणारी माणसं तिच्याकडे बघून हसायची. एका बाईने तर फोटो काढला. हिमानीने पदर कमरेला खोचला आणि बंदरावर भाव पुकारतात तशी पुकारायला लागली. "एक घ्या, एकच घ्या! तीन घ्यायची जबरदस्ती नाय! एक साबन घ्या आनि घरी जा!"

मग शिफ्ट सुटली. कंपन्यांमधली पोरं, युपी-बिहारची, एका खोलीत सहा जण राहणारी. एकजण थांबला.

"भाभी, एक ही मिलेगा?"

"एक ही लो. अंदर तीन लेना पडता, इधर एक लो."

"अंदर तो बोलते हैं, और सामान लो तब सस्ता."

"इधर कुछ नहीं बोलते. साबन लो और जाओ."

त्याने साबण घेतला, मग त्याच्या दोस्ताने घेतला, मग गर्दी झाली. त्या पोरांच्या खोलीत दुसरी पिशवी ठेवायला जागा नव्हती आणि खिशातही नव्हती. त्यांना एकच पाहिजे होती, आणि ती कुठेच मिळत नव्हती. डायपर सगळ्यात आधी गेले. एक नवीन बाप झालेला दोन्ही बगलेत पॅक मारून पळाला, परत भाव बदलेल की काय म्हणून.

त्या गर्दीतच निमेश आला. संगतीला कंपनीतली पोरं.

"कूपनशेठ, ही भाभीच ना?"

निमेशच्या एका हातात मोबाईल, त्यात कूपन. तो खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "हिमानी, उठ. लोक बघतायत."

"बघू दे. डायपर बघितले तवा मला पन बघितलंच की."

"तू माझा माल विकतेस."

"तुझा बोंबील मी विकला ना, मोगऱ्याचा? आता हे पन मीच विकते." ती उठून उभी राहिली. "कूपन वापरायचंय? फाटक तिकडं. जा. पन पगाराचे उरलेत ते आधी हितं ठेव, पहाटे महादूभाऊची खेप उचलायची हाय. मग रिकाम्या खिशाने आत जा आनि वाचव किती वाचवायचंय ते."

पोरं हसली. निमेशचे कान लाल झाले. तो फाटकाकडे बघत होता. आत एसी होता, गाणी चालू होती, ढकलगाड्या रांगेने उभ्या होत्या. वॉचमनने सवयीने त्याला सलाम ठोकला.

"सेठ, ये पाउडर कितने का?" कोणीतरी विचारलं. हिमानी सुट्टे मोजत होती.

निमेशने न बघता भाव सांगितला. त्याला सगळे भाव पाठ. मग दुसऱ्याने फिनेलचा विचारला, तोही सांगितला. मग मोबाईल खिशात टाकून तो ताडपत्रीवर बसला, कारण उभ्याने पिशव्यांपर्यंत हात पोचत नव्हता.

"माझा राग गेला नाय हां," हिमानी म्हणाली.

"माहित हाय."

"घरी जाऊन भांडू."

"बरं."

कूपन त्या रात्री संपलं. पहाटे भरतीला महादूची खेप आली, हिमानीने रोख मोजून दिली आणि उजाडेपर्यंत बोंबील जोडी-जोडीने दांड्यांवर लटकले. मोगऱ्याचे बोंबील एका चिकूच्या वाडीवाल्याने खताला नेले. त्याच्या चिकूला कसला वास येतो ते त्यालाच ठाऊक. माळ्याची फळी न फळी साखरबाईने खाली बसून, वर निमेशला चढवून, राखेने घासून घेतली. "अजून घास," ती सांगायची. "मला हितं बसून वास येतो." येत नव्हता. तरी ती सांगत राहिली.

रविवारी वर्षाराणीने दारातच गाठोडं सोडलं, नाक आत घातलं आणि तोंड वाकडं केलं. 

"शी, काय घाण वास मारतोय गं!" वर्षाराणी म्हणाली, आणि हसली. "आण आत. सगळ्यांना बोलावते." चिंचणीची बाई आली तेव्हा हिमानी जिना उतरत होती, रिकामी टोपली डोक्यावर.

महिना झाला नसेल, निमेशचा मोबाईल वाजला. त्याने वाचलं, लपवलं, परत काढलं. शेवटी हिमानीला दाखवलं. महाबचत मार्टने लिहिलं होतं की आम्हाला तुमची आठवण येते, हे घ्या मोठं कूपन, फक्त तुमच्यासाठी.

हिमानीने गळ्यातली किल्ली चाचपली. ती आता आंघोळीलाही काढत नव्हती.

"लिही त्यांना," ती म्हणाली. "म्हनावं, आमचा माळा भरलाय."

"असं लिहिता येत नाय गं. त्याला उत्तर जात नाय."

"मग ओरडून सांग," आतून साखरबाई म्हणाली. "काशीबाई पोचवील."