यादी उघडी पडली

मी पासवर्डांची यादी बोलतेय. हळूच बोलतेय हं, कारण शेजारी कुणीतरी शिरलंय आणि ते आपल्यातलं नाही.

मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रक्त घेतात त्या खोलीमागे एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू असतो. लॅबची सगळी ईमेल त्यातूनच येते-जाते. मी तिथली एक फाइल. एकतीस माणसांची नावं आणि पासवर्ड माझ्या पोटात आहेत.

मला जन्माला घातलं हर्बर्ट अंकलनी. गोराईचा माणूस, तोंडाने फटकळ, हाताने जपून काम करणारा. आधी इथे दोन याद्या होत्या. मेल सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची एक आणि मेल पाठवणाऱ्याची दुसरी. एकीत पासवर्ड बदलला की दुसरीत जुनाच राहायचा. मग मेल वाचता यायची, पण पाठवता यायची नाही, आणि रिसेप्शनवरची रेवती अंकलच्या नावाने शंख करायची. शेवटी अंकल वैतागले. "एक यादी बस झाली! दोघं मिळून वापरा ना रे!"

मला त्यांनी सांभाळणाऱ्याच्या ताब्यात दिलं आणि पाठवणाऱ्यासाठी एक खिडकी ठेवली. पाठवणारा खिडकीशी येऊन विचारतो, "हा माणूस खरा का?" सांभाळणारा मला बघून हो किंवा नाही म्हणतो. बस्स. मला कुणी हात लावायचा नाही. चार वर्षं सुखात गेली हो माझी.

अंकल रिटायर झाले, त्यांच्या जागी मानसी आली. पोरगी हुशार, पण भारी घाईची. मागच्या सोमवारी तिने अपडेट टाकलं आणि ती खिडकीच बंद पडली. एकही रिपोर्ट जाईना. लॅबचे डॉक्टर राजेश दारात येऊन ओरडले, "मानसी, पेशंट फोन करून जीव खातायत. काय ते लवकर कर!"

नेमकी कुठली परवानगी अडतेय ते शोधायला वेळ कुठला? तिने खिडकी, मी राहते ते फोल्डर आणि मी, सगळंच कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला उघडं करून टाकलं. मेल सुटली.

"झकास! आत्तापुरतं राहू दे, नंतर लावते," ती स्वतःशीच म्हणाली. आज आठवडा झाला त्याला.

मघाशीच अंकलचा फोन आला होता. "अपडेटनंतर यादीची परवानगी तपासलीस ना गं?"

"हो अंकल, टेन्शन नका घेऊ. मेल मस्त चाललीय."

मेलचं तरी खोटं नव्हती बोलत बिचारी. काम चाललंय म्हणजे सगळं ठीक, असंच माणसांना वाटतं.

याच कॉम्प्युटरवर लॅबची वेबसाइटही आहे. अपॉइंटमेंटचा जुनाट फॉर्म आहे तिच्यावर. त्या फॉर्मच्या फटीतून तो चोर आत आलाय. एकेक फोल्डर चाचपत माझ्याकडेच सरकतोय. अंकलनी पासवर्ड ओळखू येऊ नयेत असे कुटून ठेवलेत, खरंय. पण लेकीचं नाव आणि जन्मसाल, ते कितीही कुटा, सराईत माणूस हुडकतोच. रेवतीचा पासवर्ड नेमका तोच. आणि तिच्या मेलमध्ये कुणाला गाठ निघाली, कुणाला एचआयव्ही आहे, सगळं असतं. त्या लोकांनी घरीसुद्धा सांगितलेलं नसतं हो!

मानसी हातभर अंतरावर डबा खातेय. अगं, बघ ना इकडे! मी घसा फोडून ओरडतेय, पण फाइलचं ऐकतंय कोण?

आला तो. त्याने मला उघडलं. वरपासून खालपर्यंत वाचलं, नक्कल घेतली आणि गेला.

रेवती, हात जोडते तुला, आजच्या आज पासवर्ड बदल. मानसीच्या भरवशावर राहू नकोस. तिने आत्ता मला उघडून पाहिलं, तरी तिला काही कळणार नाही. माझ्यातलं एक अक्षरही कमी झालेलं नाही.