सात फाटकांपलीकडचं रान

मी एक सॅक बोलतेय. गेरूच्या रंगाची, दोन बंदांची, पाठीवर घ्यायची. झाकणावर कंपनीचं नाव शिवलेलं आहे, पण धागा उन्हाने इतका विटलाय की ते आता कुणाला वाचता येत नाही, आणि मीही सांगत बसणार नाही. मला नेड्राने शिवलं. माझ्या लेखी तेच माझं कूळ.

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या दक्षिण भागात, लाल कातळाच्या पायथ्याशी अल्कली वेल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या पिठाच्या गिरणीत केल्सो नावाच्या माणसाने सॅक, तंबू आणि जाकिटं शिवायचा कारखाना काढला होता. केल्सो शहरातला. कडे चढायला म्हणून आला आणि इथेच राहिला. वीस वर्षं झाली तरी गाव त्याला 'तो नवा' म्हणायचं.

बाकीच्या सॅक गठ्ठ्याने कापल्या जायच्या. मला नेड्राने एकटीला कापलं, जेवणाच्या सुट्टीत, आठवडाभर. मी तिच्या भावासाठी होते. आर्वेल तिच्याहून चार वर्षांनी मोठा, साठीला टेकलेला. गावामागच्या पठारावर त्याची जनावरं चरायची. पठार सरकारचं, पण चराईचा परवाना आजोबांपासून त्यांच्या घरात. नेड्राने माझ्या उजव्या अंगाला जाड चामड्याचा पट्टा लावला, त्याची तार कापायची पक्कड अडकवायला. आत एक कप्पा मेणकापडाचा केला, कारण तो रानात बरणीतले पीच न्यायचा आणि पाक सांडून ठेवायचा. असला कप्पा कारखान्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. मला त्याचा थोडा तोरा आहे, कबूल करते.

शिवताना नेड्रा शेजारच्या मशीनवरच्या डेल्फीनशी बोलायची. त्यातूनच मला न पाहता पठार कळलं. गावातून वर जाईपर्यंत सात फाटकं लागतात. गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसेल त्याने उतरून फाटक उघडायचं, गाडी पार झाली की लावायचं आणि परत येऊन बसायचं, असा इकडचा रिवाज. लहानपणापासून गाडी आर्वेलची आणि फाटकं नेड्राची.

"मी फाटक लावलं की मुद्दाम दहा पावलं पुढे नेतो मेला," ती म्हणायची. "माझं अर्धं आयुष्य त्याच्या ट्रकमागे पळण्यात गेलं."

"तरी दर शनिवारी जातेस," डेल्फीन म्हणायची.

"नाहीतर फाटकं कोण उघडणार?"

दुसरा नियम त्याहून मोठा. फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. बंद सापडलं तर बंद, उघडं सापडलं तर उघडं. उघडं फाटक कुणी विसरलेलं नसतं. एका बाजूला चारा असतो, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि जनावरांनी जाऊन यावं म्हणून ते उघडं ठेवलेलं असतं. इकडच्या माणसाला हे कुणी शिकवत नाही, त्याला ते ठाऊकच असतं.

त्या वसंतात पठाराचं काय करायचं यावर वरती सरकारात खल सुरू झाला. काही म्हणायचे, पठार राखीव करा, खाणवाल्यांना शिरू देऊ नका. काही म्हणायचे, आज राखीव कराल आणि उद्या आमची जनावरं हाकलाल. केल्सोने राखीव करणाऱ्यांची उघड बाजू घेतली. एक दिवस कारखान्याचं दुकान बंद ठेवून दारावर तशी पाटी लावली, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली. आणि सांगितलं की इथून पुढे प्रत्येक सॅकच्या झाकणात आतून एक पांढरं लेबल शिवायचं: 'ही जमीन सर्वांची आहे. ती राखा.' शिवाय खिशात एक पत्रक, रानात कसं वागावं याचं.

"सर्वांची म्हणे," डेल्फीन लेबलांचा गठ्ठा हातात तोलत म्हणाली. ती नवाहो, इथल्या मूळच्या लोकांतली. तिची आजी औषधाचा पाला आणायला त्याच पठारावर जायची. "माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने याहून लांब लेबल लिहून दिलं असतं."

"म्हणजे तू शिवणार नाहीस?"

"शिवणार. अर्धं तरी खरं आहे. या गावात अर्धं खरं कधी छापून आलंय?"

नेड्रा हसली. तिलाही ते पटलं होतं, फक्त तिने ते कुणापुढे बोलून दाखवलं नव्हतं. पाचव्या फाटकाजवळ खाणवाल्यांनी ठोकलेले खुंट तिने पाहिले होते, आणि त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नव्हती.

आठवडाभर तिने लेबलंच शिवली. शुक्रवारी संध्याकाळी मला शेवटचा हात फिरवायला घेतलं, झाकण उलटं केलं, आणि डेल्फीनशी पीचच्या पाकाबद्दल बोलता बोलता हाताच्या सवयीने माझ्याही झाकणात लेबल शिवून टाकलं. चारी बाजूंनी, दुहेरी टीप. मी ओरडले असते, पण सॅकला तोंड असतं ते सामान भरायला. नेड्राने मला गुंडाळून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी आर्वेलचा वाढदिवस होता. नेड्रा मला घेऊन त्याच्या घरी गेली, तेव्हा तो ओसरीच्या पायरीवर बूट न काढता बसला होता. नेड्राला अजून काही माहीत नव्हतं, पण त्याच आठवड्यात केल्सोच्या सॅक घेतलेलं एक जोडपं पठारावर जाऊन आलं होतं. खिशातल्या पत्रकात छापलं होतं, 'फाटकं नेहमी बंद करा.' त्यांनी चौथं फाटक, जे उघडं सापडलं होतं, चांगल्या मनाने लावलं. तीन दिवस जनावरं पाण्याविना तारेला टेकून उभी होती.

आर्वेलने मला उलटंसुलटं पाहिलं. पक्कडीचा पट्टा दिसला तेव्हा तो हसला. ते हसू मी पाहिलं आहे, आणि पुढची नऊ वर्षं त्यावरच काढली आहेत.

"शिंपीणबाई, हे माझ्यासाठी केलंस?"

मग त्याने झाकण उघडलं.

"तुझ्या मालकाची पाटी माझ्या पाठीवर?"

"चुकून झालं, आर्वेल. हात चालत होता."

"फाटकही चुकूनच लावलं त्यांनी." त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "वासरू गेलं एक." आवाज चढवला नाही. "ज्याला फाटक ठेवता येत नाही तो मला रान राखायला शिकवतोय. आणि तू त्याचं शिवतेस."

'उसवून देते' एवढं ती म्हणाली असती तर भागलं असतं. पण ती म्हणाली, "आणि खाण आली तर तुझी जनावरं कुठे चरतील, तेही सांग."

आर्वेलने मला पायरीवर ठेवलं आणि तो आत गेला. नेड्राने थोडा वेळ वाट पाहिली. मग मला उचलून घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलं.

केल्सोला वासराचं कळलं तेव्हा त्याने सगळी पत्रकं परत मागवली, नवी छापली, आणि माफी मागायला आर्वेलच्या दारी गेला. आर्वेलने जाळीच्या दारामागून ऐकून घेतलं आणि मान डोलावली. बहिणीला मात्र त्याने माफ केलं नाही. परक्याचा राग जातो, घरच्याचा बसून राहतो, हे मी खिळ्यावरून शिकले.

वरती एका सरकारने पठार राखीव केलं, दुसऱ्याने अर्धं पुसलं, तिसऱ्याने पुन्हा आखलं. खाण आली नाही. जनावरांनाही कुणी हात लावला नाही. पण गावाने केल्सोच्या दुकानाची पायरी चढायची सोडली होती, आणि चौथ्या वर्षी त्याने कारखाना राज्याच्या राजधानीत हलवला. नेड्राला तो म्हणाला, "तुम्ही चला, तुमच्यासारखी टीप कुणाची नाही." ती गेली नाही. तिच्या खिडकीतून पठार दिसायचं.

दर शनिवारी सकाळी आर्वेलचा ट्रक घरावरून जायचा. नेड्रा भांडी घासत असली तर हात थांबायचे. मग ती आपल्याशीच बोलायची. "आता पहिल्याला पोचला. उतरला. उघडलं. परत चढला. पार केलं. परत उतरला. लावलं. परत चढला." असं सातही फाटकांचं. माणूस एकटा असला की एका फाटकाला दोनदा उतरावं लागतं. सातवं फाटक झालं की ती पुन्हा भांड्यांना लागायची. मी दारामागे लटकून तिच्याबरोबर वर जायचे, रिकामी. त्या रानाची मला किती ओढ होती, ते मी कुणाला सांगणार?

डेल्फीन अधूनमधून यायची. एकदा मला बघून म्हणाली, "उसवून टाक ना ते लेबल आणि नेऊन दे त्याला. पाच मिनिटांचं काम."

"भोकं राहतात. पाणी शिरेल."

"पाणी? इथे पाऊस पडला तर आपण फोन करून एकमेकींना सांगतो."

"मग त्याने येऊन मागावं."

"तू गेलीस कधी?"

"गेले होते. दोनदा. त्याच्या अंगणाचं फाटक बंद होतं." नेड्रा टेबल पुसत राहिली. "बंद सापडलं, बंद ठेवलं."

डेल्फीन तिच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच खाणीतले दगड आहात."

नवव्या वर्षी ऑक्टोबरात एका सकाळी ट्रक घरावरून गेला नाही. दारात थांबला. हॉर्न वाजला. नेड्रा बाहेर गेली, तसा मला आर्वेलचा आवाज ऐकू आला. म्हातारा झाला होता तो आवाज.

"गुडघा गेलाय माझा. जनावरं विकली. त्यांच्या चाटायच्या मिठाच्या कुंड्या तेवढ्या वर राहिल्यात, आणायच्यात. सात फाटकं आहेत."

नेड्रा आत आली, बूट घातले, मला खिळ्यावरून काढलं. पाव भरला, पीचची बरणी भरली. घाईत जिप दोनदा अडकली.

रस्ताभर दोघं हवेबद्दल बोलले. फाटक आलं की ती उतरायची, आणि तिने लावेपर्यंत ट्रक तिथेच उभा असायचा. दहा पावलं पुढे गेला नाही, सातांपैकी एकदाही. पाहुणीला थांबतात तसा तो थांबत होता. प्रत्येक वेळी परत चढताना नेड्राचं तोंड जरा आणखी उतरलेलं दिसायचं.

आणि मग पठार. मी इतकं ऐकलं होतं, तरी मला ते ओळखता आलं नाही. ऐकलेल्यात वारा नव्हता. जुनिपरच्या झाडाखाली दोघं बसले. आर्वेलने पक्कड कमरेची काढून माझ्या पट्ट्याला अडकवली, न बघता, जणू रोजचंच आहे. ती नीट बसली. मग पीचसाठी झाकण उघडलं.

"अजून आहे हे?"

"आहे. उसवू? कात्री आणलीय."

त्याने लेबलावरून अंगठा फिरवला. "खाण आली नाही," तो म्हणाला.

"जनावरंही कुणी हाकलली नाहीत."

"गुडघ्याने हाकलली." मग त्याने पीचची बरणी बाहेर काढली. "राहू दे. जसं सापडलं तसं."

उतरताना फाटकं लावायची खरं तर गरज नव्हती, मागे एकही जनावर नव्हतं. तरी आर्वेल प्रत्येक फाटकाला थांबला आणि नेड्राने प्रत्येक फाटक लावलं. शेवटचं, गावाजवळचं, लावून ती वळली तर ट्रक दहा पावलं पुढे.

"मेल्या, पासष्ट वर्षांची आहे मी," ती ओरडली आणि पळत सुटली. ट्रकमध्ये बसून ती हसत होती की रडत होती हे मला कळलं नाही. आर्वेल समोर बघून गाडी चालवत होता आणि त्याचेही डोळे भरले होते.

त्याच्या घरी कुंड्या उतरवल्या आणि आर्वेलने मला ओसरीवरच्या खिळ्याला अडकवलं. निघताना नेड्रा अंगणाचं फाटक लावायला वळली. तो पायरीवरून म्हणाला, "लावू नकोस. राहू दे उघडं."

त्यानंतर दोन वर्षं ती दर शनिवारी आली. कधी भांडलेही दोघं, त्या पठारावरूनच. गेल्या हिवाळ्यात आर्वेल गेला. मी अजून त्याच खिळ्यावर असते, पट्ट्याला पक्कड अडकवलेली. पठारावर मी गेले ती एकदाच. शनिवारी नेड्रा येते, पायरीवर बसते, माझ्या कप्प्यातली बरणी काढून एक पीच खाते, आणि जाते.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तुमच्या पाठीवर माझी एखादी बहीण असली, तर तिच्या झाकणातलं लेबल वाचा. खरं आहे ते, निदान अर्धं. उरलेलं अर्धं त्यावर मावलं नाही, म्हणून मी सांगते. गावाच्या टोकाला एक बंद घर दिसेल. त्याच्या अंगणाचं फाटक उघडं असेल. कुणी विसरलेलं नाही ते. लावू नका.