भावाबहिणीत फुटलेला दगड

मित्रांनो, एके काळी मी अख्खा होतो, आता अर्धाच उरलो आहे. भीमपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या ताराबाईंच्या खिडकीत मी पडून असतो. रंग काळपट, वजन मात्र भलतंच.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. तिथे जमिनीला भेगा होत्या आणि खाली ज्वालामुखीचा रस धगधगत होता. समुद्राचं पाणी भेगांतून खोल झिरपायचं, तापायचं आणि खडकांतलं तांबं, जस्त, लोखंड स्वतःत विरघळवून घ्यायचं. त्यातल्या गंधकामुळे सोनंही विरघळायचं. मग ते कढत पाणी काळ्या धुरासारखं वर उसळायचं आणि गार पाण्याशी गाठ पडली की त्याच्यातला सगळा ऐवज तिथेच खाली बसायचा. असा थरावर थर साचून मी घडलो. सोनं माझ्या अंगात मुरलं, पण इतकं बारीक की डोळ्यांना दिसू नये. पुढे गाळाने मला गाडलं, समुद्र हटला, डोंगर उठले.

कर्नाटकातल्या एका तांब्याच्या खाणीत नागोराव मजूर होते. त्यांनी मला बाहेर काढलं आणि काम सुटल्यावर आठवण म्हणून गावी आणलं. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. "साहेब सांगे, यात सोनं बी हाये," असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. चंपत आणि तारा ही त्यांची लेकरं मला मांडीवर घेण्यासाठी भांडायची. ते माझे सुखाचे दिवस.

नागोराव वारले तेव्हा चंपत बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत होता, तारा शाळेत शिकवायला लागली होती. जलदानविधी आटोपल्यावर चंपत म्हणाला, "तारे, बाबाचा दगड मी नेतो."

"दादा, बाबाची तेवढीच आठवण हाये. मले बी पाह्यजे."

"मंग फोडू."

घणाच्या घावाने मी दुभंगलो. एका तुकड्यात पिवळी झाक लखलखत होती, दुसरा काळा. काळा तो मी. चंपतने पिवळा उचलला. तारा काहीच बोलली नाही.

माझ्या जोडीदाराचं काय झालं ते चंपतची बायको रुक्माबाई रडत सांगायला आली, तेव्हा मला कळलं. सोनं काढायला चंपतने तो कुटला, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून क्वार्टरची दारं-खिडक्या लावल्या आणि शेगडीवर भाजायला ठेवला. गंधक पेटला, झोंबरा धूर घरात कोंडला. बाजारातून परतलेल्या रुक्माबाईने शेजाऱ्यांकडून दार तोडवलं, तेव्हा चंपत उंबऱ्याशी पडला होता. शेगडीत लाल राख तेवढी होती.

चंपत वाचला, पण छाती गेली ती गेलीच. खाणीतलं काम सुटलं. तारा मला फडक्यात बांधून त्याच्याकडे घेऊन गेली.

"दादा, हा बी घे. पर शेगडीवर ठेवू नको."

त्याला धाप लागली होती. "आता काऊन देऊन राह्यली? सोन्याचा भाग तुह्याकडंच गेला. तुले ठाव होतं, म्हणून तवा चूप बसली."

"दादा, तसं नाई..."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. परतीच्या बसमध्ये मी तिच्या मांडीवर होतो आणि फडकं ओलं होत होतं. त्यानंतर चंपत बहिणीशी बोलला नाही. खोकत खोकतच तो गेला.

पुढे काही वर्षांनी खडकांची पाहणी करायला नागपूरचे एक भूवैज्ञानिक आले. ताराबाईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी माझा टवका नेला, तपासला आणि येऊन सांगितलं, "बाई, सोनं आहे, पण नावापुरतं. अख्खा दगड गाळला तरी डोळ्याला दिसेल एवढंही निघायचं नाही."

"अन् दुसऱ्या, पिवळ्या तुकड्यात?"

"तिथेही फार वेगळं नसणार. ती पिवळी चमक सोन्याची नसते, लोखंड-गंधकाची असते."

साहेब गेल्यावर ताराबाईंनी मला परत खिडकीत ठेवलं. "हे आता कोनाले सांगू?" एवढंच त्या म्हणाल्या.

रुक्माबाई अजून अधूनमधून येते. मला पाहिलं की ती पुढ्यातलं ताट बाजूला सारते, म्हणून ती यायची असली की ताराबाई मला फडक्याखाली झाकतात. मित्रांनो, अनोळखी दगड कधी विस्तवावर ठेवू नका. आणि भावंडांत वाटणीला बसाल तेव्हा मनातलं बोलून घ्या. "दादा, मले सोनं नको, कोनता बी तुकडा दे," एवढंच तारा त्या दिवशी बोलली असती तर! मी बोललो असतो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.